काळी स्क्रीन दिसली की आधी थांब

अगं, इथून घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरताना काळी स्क्रीन दिसली की तू काय करतेस ते मला ठाऊक आहे. आहे ते सॉफ्टवेअर काढून टाकतेस, दुसरं एखादं फुकटचं उतरवून घेतेस आणि सांगलीत बाबांना सगळं पहिल्यापासून करायला लावतेस. तू इथे दुबईत रात्री साडेनऊला मोकळी होतेस तेव्हा तिकडे अकरा वाजलेले असतात. डोळ्यांवर झोप असते, तरी ते तुझ्यासाठी चष्मा लावून बसतात. म्हणून आज नीट समजावून सांगते. अशा बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बंद पडलेलंच नसतं. पलीकडच्या मशीनकडे तुला दाखवायला त्या क्षणी पडदाच नसतो.

आधी स्वतःला विचार, नेमकं अडलं कुठे? जोडणीच झाली नाही? जोडणी झाली पण चित्र आलं नाही? की चित्र आलं आणि मध्येच तुटलं? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

बाबांच्या लॅपटॉपचं आधी बोलू. त्यावर विंडोजची होम आवृत्ती आहे, म्हणजे विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप घेऊन तू त्यात शिरू शकत नाहीस. ती सोय प्रो आणि त्यापुढच्या आवृत्त्यांनाच आहे. तेव्हा त्याऐवजी रस्टडेस्क हे फुकटचं सॉफ्टवेअर निवडलंस ते बरोबर केलंस. पण तू ते नुसतं डाउनलोड करून चालवायला सांगितलंस, इन्स्टॉल करून घेतलं नाहीस. फरक इथेच पडतो. नुसतं चालवलेलं सॉफ्टवेअर बाबांनी खिडकी बंद केली की संपतं, आणि रात्री विंडोजने अपडेट घेऊन मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरूही होत नाही. इन्स्टॉल केलं की ते सर्व्हिस म्हणून मागे चालू राहतं, लॉगिनच्या आधीसुद्धा. तुझी दुसरी तक्रारही यातूनच सुटेल. एखादा प्रोग्राम चालवताना 'या अॅपला बदल करू द्यायचे का' अशी विंडोजची चौकट येते आणि तुझ्याकडे सगळं गोठतं, आठवतंय? ती चौकट विंडोज मुद्दाम वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर दाखवतं. साध्या प्रोग्रामला तो पडदा बघता येत नाही, सर्व्हिसला येतो. तिकडे बाबा 'हो म्हणू का?' असं विचारत बसतात आणि तू इथे क्रॅश झालं म्हणून वैतागतेस.

मग झोपेची सेटिंग बघ. चार्जर लावलेला असताना लॅपटॉप कधीच झोपणार नाही आणि झाकण मिटलं तरी काही होणार नाही, अशा दोन्ही गोष्टी पॉवरच्या सेटिंगमध्ये एकदाच करून ठेव. आई ओटा आवरल्यावर टेबलही आवरते, जाता जाता झाकण मिटते. त्यात तिची काही चूक नाही.

चित्र येऊन मध्येच खिडकीच नाहीशी होत असेल तर मात्र खरा क्रॅश धर. जुन्या ग्राफिक्सच्या मशीनवर चित्र दाबून पाठवायचं काम हार्डवेअरकडे दिलं की ड्रायव्हर कोलमडू शकतो. रस्टडेस्कच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर कोडेकचा पर्याय आहे, तो बंद करून बघ. त्याने भागलं नाही तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घे. आणि दोन्हीकडची आवृत्ती एकच आहे ना, हेही पाहा. तू इकडे नवी घेतेस, तिकडे जुनीच राहते.

आता तुझं ते उबंटूचं डेस्कटॉप मशीन, जे तू सांगलीला ठेवून आलीस आणि ज्याचा मॉनिटर चुलतभावाला देऊन टाकलास. तिथली काळी स्क्रीन निराळी. मॉनिटरच जोडलेला नाही म्हटल्यावर ग्राफिक्स कार्ड चित्र तयार करायच्या भानगडीत पडत नाही. यावर एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा. तो खोचला की मशीनला वाटतं मॉनिटर आहे. खालिद बिन अल वलीद रस्त्यावर कॉम्प्युटरची इतकी दुकानं आहेत, अल ऐन सेंटरमध्ये तर मजलेच भरलेत, तिथे विचार आणि गणपतीला जाताना घेऊन जा. शिवाय नव्या उबंटूत पडदा रंगवायचं काम वेलँड करतं, आणि दुरून बघणारी बरीच फुकट सॉफ्टवेअरं अजून त्याच्याशी अडखळतात. २२.०४ किंवा २४.०४ असेल तर लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या चक्रावर टिचकी मारून 'उबंटू ऑन एक्सऑर्ग' निवड.

त्या उबंटूत शिरायला एक्सआरडीपी लावलंस तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. त्याच नावाने मशीनवर आधीच कोणी लॉगिन करून बसलेलं असेल तर तुला काळा पडदा दिसतो आणि लगेच तुटतं. लोक यावर रात्र रात्र घालवतात. तिकडचं लॉगिन बंद करायला सांग, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

त्याऐवजी व्हीएनसीच्या वाटेने गेलीस तर टायगरव्हीएनसी घे आणि त्याच्याबरोबर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप नोम जड आहे, ग्राफिक्सच्या मदतीशिवाय तो रडतो. नुसता राखाडी पडदा आणि त्यावर माउसचा बाण दिसला तर सर्व्हर ठीक आहे, डेस्कटॉप सुरू झालेला नाही. एक्सस्टार्टअप नावाच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते बघ, आणि ती चालवायची परवानगी आहे का तेही. लाईट गेल्यावर मशीन अचानक बंद पडलं असेल तर टेम्प फोल्डरमध्ये जुन्या डिस्प्लेची लॉक फाइल मागे राहू शकते. मग सर्व्हर 'हा डिस्प्ले आधीच वापरात आहे' म्हणून हटून बसतो. ती फाइल काढली की सुरू होतो.

लाईटचं निघालंच आहे तर बायोसमध्ये जाऊन, वीज परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावं असा पर्याय चालू कर. राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर घे. कॉम्प्युटर जागा आणि राउटर झोपलेला, याचा काय उपयोग?

व्हीएनसी ही गोष्टच मला फार आवडते. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत ती जन्मली आणि १९९८ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. आज आपण बर दुबईत बसून सांगलीचा पडदा बघतो त्यात त्या माणसांच्या मोकळ्या हाताचा वाटा आहे. पण ती जुन्या काळातली आहे हे विसरू नकोस. तिच्या साध्या पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात आणि चित्र उघड्याने जातं. म्हणून राउटरमध्ये ५९०० नंबरचं पोर्ट जगासाठी उघडून ठेवू नकोस. एसएसएचच्या सुरक्षित बोगद्यातूनच जा. तशीही तुझी पोर्ट उघडायची खटपट वाया जाण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले एकच बाहेरचा पत्ता पुष्कळ घरांत वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट घरात येता येत नाही. रस्टडेस्क मधल्या सर्व्हरमार्फत जोडून देतं, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

आणि इंटरनेटवर कोणी सांगितलं म्हणून इथे व्हीपीएन चालू करून अडथळे ओलांडायला जाऊ नकोस. कंपनीच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन वापरणं वेगळं. पण आपण कुठून बोलतोय ते लपवून गुन्हा करणं किंवा तो दडवणं, यावर इथल्या २०२१ च्या ३४ नंबरच्या सायबर कायद्यात पाच लाख ते वीस लाख दिरहमचा दंड आहे. बाबांना सूचना द्यायला व्हॉट्सअॅपचा कॉल इथून लागत नाही ना, मग बोटिम अॅप वापर, नाहीतर सरळ फोन कर. स्क्रीनचा फोटो तर साध्या मेसेजनेही येतो, आणि तो शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

यापुढचं मी तुला काळजीने सांगतेय. तू बाबांना शिकवलंस की कोणी आयडी आणि नंबर मागितला तर द्यायचा. ही सवय नुसती तुझ्यापुरती राहणार नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्क या अशाच सॉफ्टवेअरचं नाव घेऊन सावध केलं होतं, कारण भामटे तेच उतरवायला सांगून लोकांची खाती रिकामी करत होते. सॉफ्टवेअरचा त्यात दोष नव्हता. दार उघडायला माणूस तयार झाला की दाराचा काय इलाज? म्हणून बाबांच्या लॅपटॉपवर कायमचा पासवर्ड एकदाच, तू समोर असताना घाल आणि तो तुझ्याजवळच ठेव. मग त्यांना कुणालाच काही सांगायची वेळ येणार नाही. 'मी स्वतः फोन केल्याशिवाय कोणी काहीही मागितलं तरी द्यायचं नाही, बँकेचं नाव सांगितलं तरी नाही,' हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाजवळ चिकटव, आणि त्याखाली १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लिही.

तू आत शिरतेस तेव्हाही आधी विचारत जा. त्यांचा पडदा आहे, त्यांचा पत्रव्यवहार आहे, पेन्शनचे कागद आहेत. पोटची पोर असली तरी न सांगता उघडू नये. ते तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण त्यांना ते लागतं.

ही सगळी कामं फोनवरून करायची नाहीत. गणपतीला घरी असशील तेव्हा एक दुपार काढ, सगळं लाव, आणि मग मुद्दाम बिघडवून बघ. लाईट बंद करून चालू कर, राउटर काढून लाव, मशीन रीस्टार्ट कर, झाकण मिट, आणि प्रत्येक वेळी मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावरून आत जाता येतं का ते पाहा. घरच्याच वायफायवरून तपासलंस तर सगळं छान दिसेल आणि इथे परत आल्यावर फसशील.

इतकं करूनही क्रॅश होत राहिलं तर लॉग वाच. व्हीएनसीचा लॉग घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या व्हीएनसी फोल्डरमध्ये सापडेल; नवीन आवृत्तीत नसला तर सर्व्हर सुरू करताना तो स्वतःच जागा सांगतो. खरं कारण बहुधा शेवटच्या काही ओळींत असतं. तुझ्याने उलगडलं नाही तर बनवणाऱ्यांना कळव, पण 'चालत नाही' एवढंच लिहू नकोस. कोणती आवृत्ती, कोणती सिस्टीम, काय केल्यावर बंद पडलं आणि लॉग काय म्हणतो, एवढं लिही. फुकट देणाऱ्यांचा वेळ फुकट नसतो. पाठवण्याआधी लॉग मला दाखव, आणि त्यात घरचा आयडी, पत्ता किंवा पासवर्ड कुठे दिसत असेल तर तो पुसून मगच पाठव.