अभ्यास दौऱ्याला जाताना : जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर पाहुणी म्हणून कसं वागायचं?



पुढच्या वर्षीच्या आराखड्यात संघाने अभ्यास दौऱ्यासाठी पुन्हा रक्कम ठेवली आहे आणि बहुतेक गावांमधून मागणी एकच आहे, जव्हारला चला. मागणी बरोबर आहे. वारली चित्रं, नागलीचे पदार्थ, बांबूचं काम, तिथल्या गटांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण बस ठरवण्याआधी हा धडा प्रत्येक गटाच्या बैठकीत वाचून घ्या. सचिव ताईंनी मोठ्याने वाचावा.

मागच्या वेळी आपण मार्चमध्ये गेलो होतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा करत जव्हारच्या पुढे एका पाड्यावर. फोनवर आपण ३० जणी येतो सांगितलं आणि उतरलो ४५. अंगणात पाण्याचे दोन बॅरल भरून ठेवले होते. प्रवासाचा शीण, धूळ, उकाडा. कोणी हातपाय धुतले, कोणी तोंड धुतलं, एकीने तर लेकराला अंघोळच घातली. तासाभरात बॅरल खडखडीत. जेवायला बसलो तेव्हा मला दिसलं की वाढणाऱ्या बायांमधल्या तिघी नाहीत. विचारलं तर कोणी नीट सांगेना, 'येतील की' एवढंच. आमचं जेवण उरकत आलं तेव्हा त्या तिघी चढावरून डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन येताना दिसल्या. घास घशात अडकला. त्यांनी मात्र हंडे उतरवले, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, 'ताई, भाजी आणू का अजून?'

आता हा हिशोब आपण बायांनीच करायचा, कारण पुरुषांना हंडा लिटरमध्ये कळतो, आपल्याला मानेत कळतो. माणशी १० लिटर धरा. ४५ जणींचे ४५० लिटर. हंडा १५ लिटरचा धरला तर ३० हंडे. एका खेपेला दोन, म्हणजे विहिरीच्या १५ खेपा. आपण पाहुणचार म्हणून जे वापरलं त्याची ही किंमत.

कोणी म्हणेल, तिकडे तर धो-धो पाऊस पडतो. पडतो, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण डोंगर उताराचे, खाली कातळ, पाणी थांबतच नाही. होळी झाली की विहिरी तळ दाखवायला लागतात. आणि या पट्ट्यातल्या व शेजारच्या शहापूरच्या धरणांचं पाणी, म्हणजे मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा, जातं मुंबईला. धरणाच्या अंगाला राहणारी बाई चैत्रात हंडा घेऊन डोंगर उतरते. हे आपण दौऱ्यात शिकलो असतो तर बरं झालं असतं. आपण ते शिकायला गेलो नव्हतो, आपण चित्रं बघायला गेलो होतो.

म्हणून पहिली गोष्ट, उन्हाळ्यात जायचं नाही. मग कधी? इथे घाई करू नका. दिवाळीच्या आधी-नंतर भात कापणी-झोडणी चालू असते, घरातली प्रत्येक बाई शेतात. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, भिवंडी, वसई, कल्याणकडे. त्यात कातकरी कुटुंबं जास्त. म्हणजे आपल्या सोयीच्या सुट्टीत गेलो तर भेटायला गटच नाही, असं होऊ शकतं. तारीख आपण कळवायची नाही, त्यांना विचारायची. आकडाही खरा सांगायचा. ऐनवेळी वाढलेल्या १५ जणींना वाढण्यासाठी कोणाच्या तरी पोरांच्या वाट्याचं गेलं असणार.

पैसा कुठे उतरतो?

हा भाग जरा सावकाश वाचा, आपल्या कामाचा आहे. समजा ४५ जणींचं जेवण, ताट १२० रुपये. झाले ५,४०० रुपये. हेच जेवण हमरस्त्यावरच्या ढाब्यावर घेतलं तर पैसा ढाबेवाल्याच्या गल्ल्यात. पाड्यावरच्या गटाने केलं तर शिधा, तेल, सरपण मिळून ३,००० गेले असं धरलं, तरी २,४०० गटात राहतात. कोणाची मजुरी सुटेल, कोणाच्या कर्जाचा हप्ता जाईल. पण त्यासाठी अर्धी रक्कम आठ दिवस आधी गटाच्या खात्यावर टाकावी लागते. उधारीवर वाणसामान आणायला लावून पुन्हा 'नंतर बघू' म्हणणं हे आपल्याला कोणी केलं तर आपण किती बोलतो? आणि पैसे द्यायचे ते गटाच्या नावावर. मध्ये कोणी वाट दाखवणारा दादा उभा राहिला की त्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. वाट दाखवण्याचे त्याचे वेगळे द्या.

खरेदीचंही तसंच. मागच्या वेळी चित्राच्या एका चौकटीचे ६०० सांगितले तर आपल्यातल्या एकीने २०० ला मागितली. हसत हसतच, सवयीने. ज्या चित्राला दोन दिवस गेले त्याला खुरपणीचा रोज ३०० धरला तरी मजुरीच ६०० होते, कापड आणि रंग वेगळाच. तुमच्या शेवया, पापडांना प्रदर्शनात कोणी असा भाव केला की तुम्ही मला येऊन सांगता ना? परवडत नसेल तर घेऊ नका, लहान काही घ्या. पण भाव पाडून घेतलेलं घरात टांगू नका.

वारली चित्रांबद्दल एक गोष्ट प्रत्येकीला माहीत पाहिजे. ही मूळची बायांची कला. घरात लग्न निघालं की कुडाची भिंत शेणामातीने सारवून, गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, 'लिहितात' असंच म्हणतात. लिहिणाऱ्या सवाष्णी असतात. मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते, तीही बाईच, लग्नविधीत तिचा मान मोठा. पुढे १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली आणि जगभर गेली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. मशेंचं मोठेपण आहेच. पण बायकांच्या भिंतीवरची कला बाजारात गेल्यावर खाली सही बहुतेक पुरुषांची आली, हे मला खटकतं. म्हणून घेताना विचारा, हे कोणी काढलं? बाईने काढलं असेल तर पैसे तिच्या हातात द्या. तिचं नाव मागे लिहून घ्या.

आणि लग्नाचा चौक हा विकायचा नमुना नव्हे. कोणाच्या घरात भिंतीवर दिसला तर आपल्या देवघरासमोर उभं राहतो तसं उभं राहायचं. विचारल्याशिवाय मोबाइल काढायचा नाही. शिवेवर शेंदूर लावलेला लाकडी किंवा दगडी वाघोबा दिसेल. वाघबारशीला त्याची पूजा होते. मागच्या वेळी त्याच्या कठड्यावर टेकून फोटो काढणाऱ्या दोघी कोण होत्या हे मी लिहीत नाही, त्यांना माहीत आहे. तारपा नाचाचंही हेच. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचं ते वाद्य, त्याला मान आहे. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. भात पिकल्यावर रात्र-रात्र तो नाच रंगतो. भर दुपारी 'जरा नाचून दाखवा ना' म्हणणं म्हणजे आपल्याला कोणी ज्येष्ठात मंगळागौर खेळून दाखवा म्हणण्यासारखं आहे.

काय न्यायचं, काय आणायचं

चॉकलेटं नेऊ नका. जुने कपडे तर नकोच. आपण दान करायला जात नाही, शिकायला जातो. गाडीच्या मागे पळायची सवय पोरांना पाहुण्यांनीच लावलेली असते. द्यायचंच असेल तर बी न्या, आपला गावठी घेवडा, देशी वांगं, आणि त्यांच्याकडचं नागली-वरईचं बी मागा. ही देवाणघेवाण बरोबरीची. कसं पेरायचं तेही विचारून या, आपण ते विसरलोय.

उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या करवंदाच्या जाळ्या बघून बस थांबवायची हौस सगळ्यांना असते. त्याच जाळ्यांवरची करवंदं तोडून कोणीतरी पानाच्या द्रोणात विकायला बसणार असतं. ४५ जणींनी एक जाळी झाडली की तिची सकाळची कमाई गेली. हा भाग पेसा कायद्याखाली येतो, गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे. रानभाज्यांचंही तेच, तोडू नका, विकत घ्या. शेवळं घेतलीत तर काकड मागून घ्या आणि कसं शिजवायचं तेही विचारा. नाहीतर घशाला खाज सुटेल आणि नाव त्यांचं निघेल.

गटाच्या बैठकीत बसल्यावर 'तुम्ही मागे का राहिलात' अशा चालीचे प्रश्न नकोत. मागच्या वेळी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते एका म्हाताऱ्या अध्यक्षबाईंचं उत्तर. मी विचारलं, निम्म्या बाया चार-पाच महिने भट्टीवर, मग साप्ताहिक बैठक आणि बचत कशी? त्या म्हणाल्या, 'गेलेलीचा हप्ता लिहून ठेवतो, दंड लावत नाही. ती पळून नाही गेली, पोट भरायला गेली.' परत आल्यावर त्या बाया थकलेली बचत हळूहळू भरतात, आणि तोवर त्यांचं सभासदत्व तसंच राहतं. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना आपण गटातून कमी करतो, 'अनियमित' म्हणून. हा विषय मी संघाच्या बैठकीत ठेवला होता, वेळ संपली म्हणून मागे पडला. पुन्हा ठेवणार आहे.

तर तयारी अशी. त्या गटाशी माझं बोलणं झालं आहे, तारीख त्या देणार आहेत. ३० जणींपेक्षा जास्त नाही, त्यात मागच्या वेळी न आलेल्यांना आधी संधी. प्रत्येकीने स्वतःचं ताट-वाटी-तांब्या आणायचा, पाण्याची भरलेली बाटली आणायची. बसमध्ये पाण्याचे चार जार संघ ठेवेल. प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुड्यांचा कचरा बसमधल्या पोत्यात, तो आपल्या गावी परत येईल. नावं महिन्याच्या बैठकीत ग्रामसंघाकडे द्या, आणि नावासोबत त्या गटाला विचारायचा एक प्रश्न लिहून द्या. प्रश्न नसेल तर नाव पुढच्या वर्षी.