जड ट्रेलर आणि हवेच्या पिशव्या : मागील सस्पेन्शनची निवड व जोडणी

जड ट्रेलर जोडलेली पिकअप गाडी दुरूनही ओळखता येते. तिचा मागचा भाग खाली बसलेला असतो, नाक वर उचललेले असते आणि रात्री तिच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. जनरेटर, पाण्याची टाकी, काँक्रीट मिक्सर, होडी अशा नाना वस्तू लहान वाहनांमागे जोडून नेल्या जातात आणि प्रत्येक वेळी हाच प्रश्न उभा राहतो. मागील पाट्यांच्या मदतीला रबरी हवेच्या पिशव्या बसविणे हा त्यावरील एक उपाय होय. अमेरिका व ऑस्ट्रेलियात तो रूढ आहे आणि आपल्याकडेही असे संच मिळतात. मात्र त्यांच्याविषयी एक मोठा गैरसमज आढळतो. पिशवी बसविली की गाडी अधिक भार वाहू शकते, असे मानले जाते. वस्तुतः पिशवी गाडीची ठेवण सुधारते. तिची ताकद वाढवीत नाही. आस म्हणजेच ॲक्सल, टायर, बेअरिंग, ब्रेक आणि चासी यांची मर्यादा पूर्वी होती तेवढीच राहते. निवड आणि जोडणीचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

धुरजड आणि उलाळ

दोन चाकांच्या ट्रेलरचे शास्त्र आपल्या बैलगाडीवानाला ठाऊकच होते. माल पुढे अधिक झाला तर गाडी धुरजड होते व जुवाचा भार बैलांच्या मानेवर पडतो. मागे अधिक झाला तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. गाडीवान गाडी किंचित धुरजड ठेवीत असे. ट्रेलरलाही हेच लागू आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडबिंदूवर उभा पडावा, असा संकेत आहे. तो फारच कमी असला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत फिरवितो. गाडीचा मागचा भाग बसतो म्हणून ट्रेलरमधील माल मागे सरकविणारे चालक एक दोष घालवून त्याहून घातक दोष ओढवून घेतात.

हा उभा भार मागील आसावर जेवढ्यास तेवढा पडत नाही. समजा, गाडीच्या दोन आसांमधील अंतर ३ मीटर आहे, जोडबिंदू मागील आसाच्या १.२ मीटर मागे आहे आणि ट्रेलरचे वजन १,६०० किलो असून त्याचा २०० किलो भार जोडबिंदूवर येतो. तरफेच्या नियमाने मागील आसावर २८० किलो वाढतात आणि पुढील आसावरचे ८० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल वाटू लागते आणि पुढच्या ब्रेकची पकडही घटते. पिशवीत हवा भरल्याने मागचा भाग वर येतो. पण पुढच्या चाकांवरचे हरवलेले ८० किलो परत येत नाहीत. त्यासाठी भार पुढे व ट्रेलरच्या आसाकडे वाटून देणाऱ्या स्प्रिंगदांड्यांची वेगळी जोडणी लागते. गाडी सपाट दिसली म्हणजे भार समतोल झाला, असे समजण्याचे कारण नाही.

आधी वजनकाटा

म्हणून पिशवीच्या दुकानात जाण्यापूर्वी वजनकाट्यावर जावे. प्रथम ट्रेलर न जोडता, नेहमीचा माल, इंधन आणि माणसे यांसह गाडीचे एकूण वजन घ्यावे. मग ट्रेलर जोडून केवळ पुढची चाके काट्यावर ठेवावीत. त्यानंतर गाडीची चारही चाके काट्यावर आणि ट्रेलर काट्याबाहेर, असे वजन करावे. दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांतील फरक म्हणजे मागील आसाचा भार. पहिल्या व तिसऱ्या आकड्यांतील फरक म्हणजे जोडबिंदूवरचा भार. काट्याचा मंच व त्याकडे जाणारा रस्ता एका पातळीत असावा, नाही तर आकडे फसवे येतात.

उदाहरणादाखल, मागील आसाची मर्यादा १,८५० किलो असलेली एक गाडी घेऊ. रिकामी असताना तिच्या मागील आसावर ७५० किलो आहेत. माल व माणसे यांचे ७१० किलो आणि ट्रेलरमुळे आलेले २८० किलो मिळून १,७४० किलो होतात. ही गाडी मर्यादेत आहे, तरी मागे बसलेली दिसेल. पिशवीचे खरे काम येथे आहे. याच गाडीत मागील आसाच्या बरोबर वर आणखी २५० किलोची पिंपे ठेवली तर भार १,९९० किलो होतो. पिशवीत थोडी हवा वाढविली की ही गाडीदेखील पहिलीसारखीच सपाट उभी राहील. बसलेला मागचा भाग हा चालकाला मिळणारा एक इशारा असतो. पिशवी तो इशारा पुसून टाकते. भार मर्यादेबाहेर असेल तर माल उतरविणे किंवा मोठी गाडी वापरणे हेच मार्ग उरतात.

निवड कशी करावी

मागे गुंडाळी स्प्रिंग असलेल्या गाड्यांसाठी स्प्रिंगच्या पोटात बसणारी नळकांड्यासारखी पिशवी मिळते. ती स्वस्त आहे, बसविण्यास सोपी आहे, पण तिची क्षमता बेताची असते. पाट्यांच्या गाड्यांसाठी चासी आणि आस यांच्यामध्ये उभी राहणारी वळीदार पिशवी वापरतात. जड कामासाठी दोन वळ्यांची पिशवी अधिक प्रचलित आहे. शेतीच्या ट्रॅक्टरचा येथे विचार केलेला नाही. त्याच्या मागील आसाला सहसा स्प्रिंगच नसते, त्यामुळे उसाच्या ट्रॉलीच्या प्रश्नावर हा उपाय नव्हे.

पिशवी किती भार उचलते, हे दाब आणि प्रभावी क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावरून कळते. प्रभावी क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला १.४ किलो, म्हणजे सुमारे २० पौंड असेल, तर एक पिशवी १४० किलो आणि जोडी २८० किलो पेलते. आपल्या उदाहरणातील ट्रेलरचा वाढीव भार एवढाच आहे. बाजारात जोडीमागे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो क्षमतेच्या पिशव्या मिळतात आणि मोठा आकडा पाहून त्या घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. बहुतेक पिशव्यांना रिकाम्या गाडीतही किमान ५ पौंडांच्या आसपास दाब ठेवावा लागतो. गरजेपेक्षा मोठी पिशवी या दाबालाही ताठ राहते आणि रिकामी गाडी खड्ड्यांवरून उडू लागते. शिवाय गाडीच्या मर्यादेचा आकडा पिशवीच्या वेष्टणावर नसतो, तो निर्मात्याच्या पट्टीवर व पुस्तिकेत असतो. ट्रेलर ओढण्याची मर्यादा पुस्तिकेत दिलेलीच नसेल, तर ती निर्मात्याकडून लेखी विचारून घ्यावी.

दोन्ही पिशव्यांच्या नळ्या एकत्र जोडाव्यात की वेगळ्या ठेवाव्यात? एकत्र जोडल्यास हवा भरणे सोपे होते. पण वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी अधिकच कलते. उंच व जड ट्रेलरसाठी वेगळ्या नळ्या हाच योग्य पर्याय आहे.

चासीवरील एकवटलेला भार

पाटा आपला भार चासीला दोन टोकांशी, एकमेकांपासून मीटरभराहून अधिक अंतरावर देतो. आसाच्या वर बसविलेली पिशवी तोच भार मधल्या एका जागी देते. माल मागे लोंबत असेल, त्याच्याही मागे ट्रेलरचा उभा भार असेल आणि रस्ता खडबडीत असेल, तर गुडघ्यावर ठेवून काटकी मोडावी तशी चासी पिशवीच्या जागेवर वाकते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात जड कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या दुहेरी केबिनच्या पिकअप गाड्यांच्या चासी अशा प्रकारे वाकल्याच्या घटना वेळोवेळी चर्चेत आल्या आहेत. पिशव्या हेच त्यामागील एकमेव कारण नसते. अतिभार आणि मागे लोंबणारे वजन ही मूळ कारणे असतात. पण पाट्यांची झीज झाकण्यासाठी पिशवीत भरपूर हवा भरून सगळा भार तिच्यावरच टाकणे हे त्या संकटाला आमंत्रण ठरते. थकलेले पाटे आधी बदलावेत, पिशवीचा विचार नंतर करावा.

ब्रेकची झडप

जोडणीत सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट चाकांच्या मध्ये, गाडीखाली दडलेली असते. अनेक पिकअप व हलक्या मालवाहू गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते. तिचा एक दांडा आसाला जोडलेला असतो. माल भरला, गाडी खाली बसली, की दांडा हलतो आणि मागील ब्रेकला अधिक दाब मिळतो. गाडी रिकामी असली की तो कमी होतो, जेणेकरून मागची हलकी चाके जागच्या जागी अडून घसरू नयेत. थोडक्यात, ही झडप उंचीवरून भाराचा अंदाज घेते. पिशवीने मागचा भाग वर उचलला की झडपेला गाडी रिकामी असल्याचा भास होतो. परिणामी भरलेल्या गाडीला, मागे दीड टनाचा ट्रेलर असताना, रिकाम्या गाडीइतकाच मागचा ब्रेक मिळतो. कोरड्या रस्त्यावर सावकाश जाताना हे लक्षातही येत नाही. घाटाच्या उतारावर येते. म्हणून अशी झडप आहे की नाही, हे प्रथम पाहावे. असल्यास तिचा दांडा निर्मात्याच्या सूचनेनुसार जुळवून घ्यावा आणि ते शक्य नसेल तर पिशव्या बसवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, हे वेगळे सांगावयास नको. युरोपात ७५० किलोहून जड ट्रेलरसाठी ते बंधनकारक आहेत.

कायदा आणि रस्ता

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधोरेखित केली. सस्पेन्शनमधील बदलापूर्वी निर्मात्याचा व प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा अभिप्राय घेणे इष्ट. अपघातानंतर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते. अतिभारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद केली आहे.

मोठ्या मालवाहू वाहनांतील संपूर्ण हवेचे सस्पेन्शन ही मात्र निराळी गोष्ट आहे. तेथे पाट्यांच्या मदतीला नव्हे, तर त्यांच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा येथे झालेल्या रस्ते-चाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भारतात जुलै २०१८ मध्ये चार चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. त्या आसावर १४ टन लादले तर भार सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. झीज मात्र जवळजवळ २.२ पट होते. हवेच्या सस्पेन्शनने चाकांचे रस्त्यावरील आघात सौम्य होतात, म्हणून युरोपने १९९२ मध्ये अशा चालक जोडआसांना १८ ऐवजी १९ टनांची मुभा दिली. पाट्यांच्या बाजूला बसविलेल्या मदतनीस पिशवीला ती मुभा लागू होत नाही.

प्रत्यक्ष जोडणी

गाडी सपाट जागी उभी करून रिकाम्या स्थितीत चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवावी. गाडी चासीखाली भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. आसाच्या नळीला छिद्र पाडू नये अथवा वेल्डिंग करू नये. संचातील पकडींनीच कंस बसवावेत. पिशवी सरळ उभी असावी, तिला पीळ नसावा आणि पूर्ण फुगल्यावर टायर, ब्रेकची नळी किंवा चासी यांपैकी कशालाही ती घासू नये. धुराड्याची नळी जवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच. हवेची नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. कात्रीने चेपून कापलेले टोक हमखास गळते. जोड पूर्ण झाल्यावर हवा भरून साबणाच्या पाण्याने बुडबुडे पाहावेत, रात्रभर ठेवून दाब पुन्हा मोजावा आणि काही दिवसांच्या वापरानंतर सर्व बोल्ट एकदा कसावेत.

ट्रेलर जोडल्यावर मागची उंची आधी लिहिलेल्या आकड्याच्या किंचित खाली येईल एवढीच हवा भरावी. त्याहून वर नेऊ नये. मग दिव्यांचा झोत भिंतीवर तपासावा. ट्रेलर सोडला की हवा किमान दाबापर्यंत उतरवावी, पण पूर्ण काढू नये. रिकामी पिशवी घडीत चिमटून फाटते. नंतर कधी गाडी चासीखाली उचलावी लागली, तर लोंबत्या आसाने पिशवी ताणली जात नाही ना, हे पंक्चर काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.