"बाई, यीस्ट मेलं का?" – पेशी ऑक्सिडीकरणाचा ताण कसा सोसते



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गात एक प्रयोग केला. ग्लासात कोमट पाण्यात कालवलेलं बेकरीचं यीस्ट आणि त्यावर मेडिकलमधून आणलेलं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. क्षणात फसफसून फेस वर आला. मुलं खूश! तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, यीस्ट मेलं का?"

मी पटकन सांगून टाकलं, "हो, जखमेवरचे जंतू मरतात ना, तसंच." घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की फेसाचा अर्थ मी चुकीचा लावला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात तशी कबुली दिली. तीच माहिती आज तुमच्यासाठी.

फेस म्हणजे काय?

यीस्टच्या पेशीत कॅटालेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फेसातले बुडबुडे या ऑक्सिजनचे. म्हणजे फेस हा मरणाचा नव्हे, बचावाच्या हत्याराचा पुरावा. पण फेस आला म्हणून पेशी जिवंतच आहेत, असंही म्हणता येत नाही. पेशी मेली तरी तिच्यातलं विकर काही काळ काम करत राहतं आणि 3 टक्के द्रावणात पुष्कळ पेशी मरतातही.

हा शत्रू पेशीत येतो कुठून?

बाहेरून येतो, तसा घरातूनही येतो. आपण मुलांना शिकवतो, ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू. ते खरंच आहे. पण तंतुकणिकेत श्वसन चालू असताना थोड्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे पदार्थ डीएनए, प्रथिनं आणि पेशीपटल यांची नासधूस करू शकतात. ते साफ करण्याचा वेग कमी पडला, की त्याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

पेशीला कळतं कसं?

खरी गंमत इथे आहे. यीस्टमध्ये 'याप1' नावाचं प्रथिन असतं. बचावाची जनुकं चालू करणं हे त्याचं काम. एरवी ते केंद्रकात जातं, पण तिथे टिकत नाही. त्याच्या अंगावर बाहेर जाण्याची एक खूण असते. ती ओळखून 'सीआरएम1' हे दुसरं प्रथिन त्याला बाहेर नेतं.

पेरॉक्साइड वाढलं, की आधी त्याची चाहूल लागते 'जीपीएक्स3' या प्रथिनाला. त्याच्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकावर पेरॉक्साइडची क्रिया होते. मग हे प्रथिन याप1 ला गाठतं. त्यातून याप1 मधल्याच दोन सिस्टीनच्या गंधकांची एकमेकांशी गाठ बसते, प्रथिनाचा आकार बदलतो आणि बाहेर जाण्याची खूण झाकली जाते. आता सीआरएम1 ला ती दिसतच नाही. याप1 केंद्रकात साठतं आणि थायोरेडॉक्सिन, ग्लुटाथायोन बनवणारी विकरं अशा बचावाच्या साहित्याची जनुकं चालू होतात.

आणि शेवट? धोका ओसरल्यावर थायोरेडॉक्सिनच याप1 ची गंधकाची गाठ सोडवतं. खूण पुन्हा उघडी, याप1 बाहेर, काम बंद. ज्याला बोलावलं, तोच दिवा मालवून जातो!

आपल्या पेशींत याप1 नाही. पण तिथेही 'कीप1' प्रथिनातले सिस्टीनच धोका ओळखतात आणि त्यामुळे 'एनआरएफ2' हे प्रथिन केंद्रकात साठून बचावाची जनुकं चालू करतं.

पालकांसाठी दोन शब्द

प्रयोगशाळेत यीस्टला आधी अगदी सौम्य पेरॉक्साइड दिलं आणि थोड्या वेळाने तीव्र दिलं, तर थेट तीव्र मात्रा मिळालेल्या यीस्टपेक्षा जास्त पेशी वाचतात. हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, मुलांनाही ताण द्यायलाच हवा!" कृपया असा अर्थ काढू नका. यीस्ट म्हणजे मूल नव्हे. आणि यीस्टलासुद्धा मात्रा मोजून दिलेली असते, मध्ये तयारीला वेळ मिळालेला असतो.

वर्गात असं करून पाहा

तीन ग्लास घ्या. एकात साधं यीस्ट, दुसऱ्यात उकळून थंड केलेलं यीस्ट, तिसऱ्यात नुसतं पाणी. तिन्हींत सारखंच पेरॉक्साइड घाला. उकळलेल्या यीस्टला फेस जवळजवळ येत नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होतं. पेरॉक्साइड मोठ्यांनीच ओतावं, डोळे सांभाळावेत, बाटलीला बूच लावू नये.

आधी मुलांना अंदाज फळ्यावर लिहायला सांगा. आणि "यीस्ट मेलं का?" असं कुणी विचारलं, तर माझ्यासारखी घाई करू नका. "फेसावरून ते कळतं का?" असं उलट विचारा. त्या दिवशी मी तेच विचारायला हवं होतं.