हलका चाप

सौंसर-पांढुर्णा भागात बंदुकीचं वेड जुनं आहे. संत्र्याचे बगीचे, कपाशी, पाठीशी सातपुड्याचं रान आणि रात्री शेतात घुसणारी रानडुकरं नि रोही. जागलीला जाणाऱ्या ज्याच्या घरी परवान्याची बारा बोअरची दुनाळी असे, त्याला गावात मान असे. आमच्या घरी वडिलांची होती. आताच्या पोरांचं वेड मात्र निराळं आहे. त्यांनी मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. चाप ओढला की गोळी सुटते, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं, दुसरं आपोआप चढतं, पुन्हा ओढायला मोकळे. वर दुर्बीण, खाली मूठ, पुढे दिवा, आणि हौस वाढेल तसा नवा भाग जोडायचा. अशी रायफल आपल्याकडेही असावी, असं या पोरांना मनापासून वाटतं. मी नेमबाजी करतो हे माहीत असल्यानं ती मला विचारायला येतात.

पहिलं उत्तर सरळ आहे. अशी रायफल आपल्या देशात हौसेसाठी मिळत नाही. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांत अशा अर्धस्वयंचलित रायफली निषिद्ध वर्गात आहेत आणि त्यांचा परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या कचेरीला नाही. पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, आता छिंदवाड्याच्या खेपा वाचल्या, तरी हे दार उघडलेलं नाही. जुनी बंदूक कारागिराकडून 'करून घेणं' तर सर्वांत घातक. नळी आखूड करणं किंवा एका वर्गाची बंदूक दुसऱ्या वर्गात नेणं या गुन्ह्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षांची शिक्षा आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. कोणी 'माझ्या ओळखीचा माणूस आहे' म्हणाला, तर तिथून उठून या.

मग पोरं एअरगनकडे वळतात. परवाना लागत नाही, तेव्हा हिच्यावर काय वाटेल ते करावं, असा समज आहे. माझ्या भाच्याचाही होता. त्याची हकीकत त्याला विचारूनच लिहितो आहे.

त्याच्याकडे नळी मोडून भरायची साधी एअरगन होती. तिची रचना समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. नळी खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि एका छोट्या पोलादी दातावर अडकून राहते. नळी उघडी असतानाच तिच्या तोंडात अंगठ्यानं छर्रा दाबून बसवायचा. म्हणजे छर्रा भरताना स्प्रिंगचा सगळा जोर त्या दाताच्या नखाएवढ्या कडेवर तोललेला असतो, आणि अंगठा नेमका नळी मिटते त्या जागी असतो. भाच्याला चाप जड वाटे. त्यानं एका लेथवाल्याकडून दाताची कड घासून घेतली, वर जोरकस स्प्रिंग टाकून घेतली. फोनवर मला म्हणाला, "मामाजी, आता नुसतं बोट लावलं का सुटते!" मी म्हटलं, "ठेवून दे तशीच. मी येऊन पाहेपर्यंत भरू नको." तरुण पोरगं, नवी वस्तू हातात, थांबणार कसं? त्याच संध्याकाळी बगीच्यात छर्रा भरताना दात सुटला. उघडी नळी खाडकन वर आली आणि अंगठा मध्ये सापडला. नख निघालं, पेराचं हाड फुटलं, डॉक्टरांना पिन घालावी लागली. लेथवाल्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला पोलाद घासता येत होतं. त्या कडेचा कोन का तसा ठेवलेला असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून एअरगन बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं: छर्रा बसेपर्यंत दुसऱ्या हाताची पकड नळीवरून सोडायची नाही. नवीकोरी असो की जुनी, खात्रीच्या कंपनीची असो की नसो. चाप, दात आणि स्प्रिंग यांना बाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही. पत्र्याच्या डब्यावर, दगडावर, झाडाच्या बुंध्यावर नेम धरायचा नाही. छर्रा उलटून येतो आणि डोळा जातो. मागे मातीचा जाड बांध असावा, डोळ्यांवर चष्मा असावा.

जोरकस स्प्रिंगबद्दल आणखी एक. एअरगनची ताकद 20 ज्यूलच्या वर गेली किंवा तिचा बोअर .177 पेक्षा मोठा झाला, की तिलाही परवाना लागतो. स्प्रिंग बदलून घेणाऱ्याला आपण ती रेघ ओलांडली हे कळतही नाही. आणि ओलांडून मिळतं काय? जागतिक स्पर्धेतली दहा मीटरची एअर रायफल साधारण 8 ज्यूलचीच असते. त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. तिथे जोर कामाचा नाही, स्थिर हात कामाचा.

हेच मला पोरांच्या मनात बसवायचं असतं. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. तो प्रकार एकावेळी एकच गोळी हातानं भरायच्या .22 रायफलीचा आहे. अर्धस्वयंचलित तिथे चालत नाही. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात भारतीय संघानं सुवर्ण घेतलं, तेव्हा स्वप्नीलबरोबर आपल्याच मध्य प्रदेशातला, खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होता. तो भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत घडला. भोपाळची गाडी पांढुर्ण्याहून मिळते, सौंसरकरांना नागपूर जवळ आहे. ज्याला खरोखर रायफल हवी आहे त्यानं आधी रेंजवर जावं, तिथल्या बंदुकीवर शिकावं. हलका चाप तिथे मिळतो, तोही कारखान्यातच ठरवलेल्या मर्यादेत स्क्रूनं कमीजास्त करता येणारा, आणि प्रशिक्षक शेजारी उभा असतो.

शेतकऱ्यांचा प्रश्न मी टाळत नाही. डुकरांनी एका रात्रीत उभं पीक झोपवलं की काय होतं, ते मला माहीत आहे. पण रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतं; आपल्या शेतात आलं म्हणून परस्पर मारता येत नाही, परवानगी घ्यावी लागते. एअरगननं तर ते मरत नाही, जखमी होऊन पिसाळतं, आणि पहाटे पाणी द्यायला आलेल्या माणसावर येतं. रायफलीची गोष्ट आणखी गंभीर. साध्या .22 ची गोळीही एक किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. आपल्याकडे एवढ्या अंतरात दुसऱ्या गावाचं शिवार येतं, तिथेही कोणीतरी जागलीला बसलेला असतो. वरातीत हवेत बार काढणंही आता वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेवटी घरातल्या जुन्या बंदुकीबद्दल, कारण हे विचारणारे सर्वांत जास्त. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील गेले की बंदूक खुंटीला टांगून ठेवायची नसते. विलंब न करता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला आपल्या नावानं परवाना मागता येतो, त्याला बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. जमा करताना पावती घ्या. तिच्यावर बंदुकीचा नंबर, नळ्यांची स्थिती आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. निवडणुकीच्या वेळी जमा करतानाही तेच करा, आणि देण्याआधी दोन्ही नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवा. पावसाळाभर ठाण्यात पडलेली बंदूक आतून गंजते.