पस्तीस सेंटिमीटर

शिडाचं वरचं टोक डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीला जाऊन भिडलं, तरी काठीलगतची कड सैलच. विंचची मूठ आणखी दोनदा फिरवून झाली. कापडावरच्या आडव्या सुरकुत्या काही जाईनात आणि बूमचं, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या काठीचं, मागचं टोक डोक्याला लागेल इतकं खाली आलं. तांडेलानं वर बघितलं, मग मालकाकडे. "शेठ, शीड मोठं नाय, काठीच लहान झाली."

मुंबईच्या या गृहस्थांनी सत्तावीस फुटी जुनी बोट घेतली होती. परदेशातून शीड मागवताना फॉर्मवर चार आकडे भरायचे होते: पी, ई, आय आणि जे. बोटीचं मॉडेल माहीत, त्या मॉडेलची मापं छापील. मग काठीवर टेप कशाला लावायचा? त्यांनी पी समोर 8.70 मीटर लिहून टाकलं. शीड बरोबर तेवढ्याच मापाचं आलं. पण कॉकपिटवर कापडी छत बसावं म्हणून आधीच्या मालकानं बूम काठीवर वर सरकवला होता. प्रत्यक्षातलं माप निघालं 8.35.

दुपारी वायव्येचा वारा भरला की हे शीड फुगून पोत्यासारखं व्हायचं. बोट कलायची, सुकाणू हाताला जड लागायचं. गंमत म्हणजे पहिला रीफ बांधला, म्हणजे शिडाचा खालचा पट्टा गुंडाळून बांधला, की तेच शीड झकास ताणलं जायचं! त्यामुळे अर्धा हंगाम मंद वाऱ्यातही रीफ बांधूनच गेला. अखेर खालून पट्टा कापला, तेव्हा रीफच्या कड्याही पुन्हा बसवाव्या लागल्या. त्या मजुरीचा आकडा ते अजून घरात सांगत नाहीत.

आता कोणी विचारलं की ते आधी अक्षरं समजावतात. पी म्हणजे बूमच्या वरच्या कडेपासून शीड जिथवर चढतं तिथपर्यंतची उंची. ई म्हणजे काठीच्या मागच्या बाजूपासून बूमवर शीड जिथवर ताणता येतं तिथपर्यंतची लांबी. आय ही पुढच्या शिडाच्या त्रिकोणाची डेकपासूनची उंची आणि जे हा त्याचा पाया, काठीच्या पुढच्या बाजूपासून फोरस्टेपर्यंत, म्हणजे काठीला पुढून धरणाऱ्या तारेपर्यंत. उदाहरणाला ते जे-24 नावाची बोट घेतात. तिचं पी 28 फूट, ई 9.75, गुणाकाराचं निम्मं 136.5 चौरस फूट. आय 26.25, जे 9.5, निम्मं जवळपास 125. इथं पी हे आयपेक्षा मोठं, कारण या बोटीचा फोरस्टे काठीच्या माथ्यापर्यंत जातच नाही. मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'सारखी दोन काठ्यांची केच असेल, तर मागच्या काठीची आणखी दोन मापं लागतात.

मोजायची वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. नाहीतर टेपला पोट येतं आणि माप वाढतं. टेप स्टीलचा हवा, कापडी टेप ताणला की लांबतो. तो मुख्य शीड चढवणाऱ्या दोराच्या, म्हणजे हॅलयार्डच्या, शॅकलला अडकवायचा आणि त्याच शॅकलला एक बारीक दोरीही बांधायची. ही दोरी विसरली की टेप काठीच्या माथ्यावर राहतो आणि माणसाला त्याच्यामागं वर चढावं लागतं. (एकदा चढावं लागलंय.) सगळी मापं दोनदा घ्यायची, दुसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला वाचायला लावायची.

आणखी एक मुद्दा ते बोट उगारून सांगतात. पी, ई ही काठीची आणि बूमची मापं, शिडाची नव्हेत. शीड ताण घेतं, म्हणून कारागीर ते थोडं आखूड कापतो. आपणच आधी वजाबाकी करून आकडा दिला, तर ती दोनदा होते. फॉर्मवर काठीचं माप दिलंय की शिडाचं, हे शब्दांत लिहिलेलं बरं.

सध्या त्यांना 135 टक्क्यांचा जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, हवाय. ही टक्केवारी क्षेत्रफळाची नसते. शिडाच्या मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेवर टाकलेला लंब जेच्या 1.35 पट, एवढाच तिचा अर्थ. पण त्यांच्या फोरस्टेवर शीड गुंडाळणारा फर्लर आहे. खालचा ड्रम आणि वरचा स्विव्हल दोन्ही उंची खातात, म्हणजे फोरस्टेची लांबी मोजून भागणार नाही. फॉर्म दोन आठवडे टेबलावर पडून आहे, पुढच्या कडेच्या लांबीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. रविवारी पहाटे वारा नसेल, तर तांडेल टेप घेऊन येणार आहे.