एसी मे महिन्यासाठी घेऊ नको

एसी घ्यायचं ठरवलंच आहेस, तर पैसे मोजण्याआधी मोठ्या बहिणीचे चार शब्द ऐकून घे. दुकानदार तुला टन सांगेल, तारे सांगेल, बिनव्याजी हप्ते सांगेल. पण भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या लाखनीत उन्हाळे दोन असतात, हे काही तो सांगायचा नाही. आणि अगं, सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

पहिला उन्हाळा मार्चअखेरपासून नवतपा संपेपर्यंतचा. पारा 44-45 ला टेकतो, पण हवा असते कोरडी ठणठणीत. या दिवसांत कूलरला तोड नाही. हवेत ओलावा पंधरा-वीस टक्के असला, की ओल्या ताट्यांतून आत येणारी हवा 27-28 अंशांपर्यंत उतरते आणि कूलर वीज खातो ती दीड-दोनशे वॅट. एवढ्या स्वस्तात एवढा गारवा कुठलाच एसी देणार नाही. तेव्हा कूलर भंगारात काढायचा विचार आधी डोक्यातून काढ.

दुसरा उन्हाळा मृगाचे पहिले शिंतोडे पडले की सुरू होतो. परे रोवायला आलेले असतात, बांध्यांत पाणी साचलेलं असतं आणि मध्येच पाऊस आठवडाभर दडी मारतो. पारा 32 च्या फार वर नसतो, पण अंगावरचा घाम वाळत नाही, गादी चिकट लागते, लेकरांच्या मानेवर घामोळं उठतं. अशा वेळी कूलर लावला तर तो हवेत आणखी पाणीच सोडतो. हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांवर गेलेला, तिथे ताट्यांतलं पाणी उडणार कसं? गारवा मिळतो जेमतेम दोन-अडीच अंशांचा. हे हाल थेट ऑक्टोबरपर्यंत, धान कापणीला येईस्तोवर चालतात. आपल्याकडे एसी घ्यायचा तो या दिवसांसाठी.

हे एकदा मनाशी पक्कं केलंस, की कुठला एसी घ्यायचा ते आपोआप उलगडतं. आता त्याच्याकडून दोन कामं हवीत, हवा गार करायची आणि हवेतलं पाणी काढायचं. हे दुसरं काम किती मोठं आहे, ते बघायचं असेल तर ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवून बघ. मे महिन्यात बादलीचा तळ जेमतेम ओला होतो. श्रावणात रात्रभर एसी चालला, की सकाळी काही लिटर पाणी जमलेलं असतं. ते झाडांना घाल, फरशी पूस, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र टाकू नको. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश उतरलेला असतो.

पाणी निघायचं तर कॉम्प्रेसर बराच वेळ चालत राहायला हवा. एकाच वेगाने चालणारा जुन्या पद्धतीचा एसी, त्यातही खोलीच्या मानाने मोठा, पंधरा-वीस मिनिटांत खोली गार करून थांबतो आणि ओलावा तसाच राहतो. मग थंडीही वाजते आणि चिकचिकही जात नाही. इन्व्हर्टर एसी वेग उतरवून सावकाश चालत राहतो, म्हणून तोच घे. दहा बाय बाराच्या खोलीला 1 टन पुरतो. वर थेट स्लॅब असेल आणि पश्चिमेची भिंत तापत असेल तर दीड टन घे. दोन टनांच्या ऑफरला भुलू नको. खोलीवर कवेलू असतील, तर आधी खालून छत लावून फटी बुजव, नाहीतर गारवा आढ्यातून निघून जाईल आणि बिल तेवढं घरात राहील.

आता तारे. नुसते मोजू नको, लेबल वाच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या लेबलवर 'आयसीअर' (ISEER) नावाचा आकडा असतो. तो जितका जास्त, तितकी वीज कमी. ताऱ्यांची मोजपट्टी दर काही वर्षांनी कडक होते, 2018 मध्ये झाली, 2022 मध्ये झाली, म्हणून लेबलवरचा कालावधी आधी बघ. मागच्या सालचा पडून राहिलेला 5 तारेवाला एसी नव्या मोजपट्टीत एक तारा खाली येऊ शकतो. आणखी एक गंमत दुकानात कुणी सांगत नाही. विंडो आणि स्प्लिट यांचे तारे वेगवेगळे मोजतात. 2022 च्या तक्त्यात स्प्लिटला 5 तारे मिळवायला आयसीअर 5 लागायचा, विंडोला 3.5 मध्येच 5 तारे मिळायचे. म्हणजे 5 तारेवाला विंडो एसी 2 तारेवाल्या स्प्लिटच्या पंगतीला बसायचा.

लेबलवर वर्षाचे युनिटही छापलेले असतात. ते 1600 तासांच्या वापरावर आणि 24 ते 43 अंशांच्या हवेवर धरलेले असतात. आपला मे 43 च्या पुढे जातो, म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी एसी चालवलास तर छापलेल्यापेक्षा जास्त वीज लागणार. मे महिना कूलरवर काढायचा, त्याचं हे दुसरं कारण.

3 तारे की 5? दीड टनाच्या दोन स्प्लिटमध्ये लेबलवर साधारण दोन-अडीचशे युनिटचा फरक दिसतो. तू जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फक्त रात्री लावणार असशील, तर तास हजाराच्या आसपास राहतील आणि बचत होईल दीडेकशे युनिटची. युनिट बारा रुपयांना धरलं तर वर्षाला अठराशे रुपये. दोघांच्या किमतीत समजा आठ हजारांचा फरक असेल, तर तो वसूल व्हायला साडेचार वर्षं लागतात. घरात आजारी माणूस असेल, एसी दिवसाही चालणार असेल, तर 5 तारे डोळे मिटून घे. आठवड्यातून चार रात्री लावायचा असेल, तर 3 तारे घेण्यात काही कमीपणा नाही.

महावितरणच्या बिलात 100, 300 आणि 500 युनिट या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरचं प्रत्येक युनिट महाग पडतं. एसी घरी आणण्याआधी गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या बिलात दीड-दोनशे युनिट मिळवून बघ, तू कुठल्या पायरीवर जातेस ते कळेल. मंजूर भारही बघून घे आणि कमी असेल तर वाढवून घे. संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-मोटारी सुरू झाल्या की लाईन डिम होते, म्हणून एसी किती व्होल्टपर्यंत चालतो ते विचार, नाहीतर स्टॅबिलायझर लाव. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग, यात काटकसर करू नको.

बाहेरचं युनिट शक्यतो उत्तरेच्या सावलीत बसव. मळणीच्या दिवसांत धानाचा कोंडा उडून त्याच्या जाळीत बसतो, तो मऊ ब्रशने झाडत जा. आतला फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धू. बिघाड झाल्यावर भंडाऱ्याहून किंवा साकोलीहून माणूस किती दिवसांत येतो, हे त्या कंपनीचा एसी वापरणाऱ्या दोन घरांत जाऊन विचार. दुकानातल्या शब्दापेक्षा ती दोन घरं खरं सांगतील.

वापरताना 18 वर नेऊन ठेवायची सवय लावू नको. एक अंश वर नेलास की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते. 26 वर ठेव, छताचा पंखा हळू फिरू दे. चिकचिक जास्त असली की ब्लोअर कमी ठेव किंवा ड्राय मोड लाव. आणि एकाच खोलीत कूलर आणि एसी दोन्ही कधीच लावू नको. एक पाणी ओतणार, दुसरा तेच उपसणार, आणि दोघांचं बिल तू भरणार.

22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या किमतीवर दाखवलेली सूट खरी धरू नको. खोलीचं माप आणि वर्षभराची बिलं घेऊनच दुकानात जा, आणि लेबलवरचे युनिट स्वतः वाचल्याशिवाय पैसे काढू नको.