निर्माल्याचे खत

देवाला वाहिलेली फुले, पत्री, दूर्वा व हार पुढील पूजेपूर्वी उतरविले जातात, तेव्हा त्यांस निर्माल्य म्हणतात. ते पायदळी येऊ नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडण्याची रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली. घरोघरी ओंजळभरच फुले निघत आणि नदीला धार असे, तोवर त्यात काही वावगे नव्हते. आता महाशिवरात्रीस एका दिवसात बेलाचे ढीग साचतात, दसऱ्यास झेंडूच्या राशी पडतात, आणि कित्येक ठिकाणी घाटाशी पाणी तुंबलेले असते. अशा पाण्यात फुले कुजू लागली की ती कुजविणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात. मासे गुदमरतात आणि ज्या पाण्याने भाविक आचमन करतो त्यालाच दुर्गंधी येते.

निर्माल्य खताच्या खड्ड्यात घालणे काही भाविकांना, विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींना, देवाचा अवमान वाटतो. ही भावना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तथापि घरचे निर्माल्य तुळशीच्या किंवा एखाद्या झाडाच्या मुळाशी ठेवण्याची रीतही अनेक कुटुंबांत आहे. खत करणे म्हणजे तीच रीत मोठ्या प्रमाणावर पाळणे होय. अवमान म्हणावयाचा तर तो पुलावरून, मोटारीची काच खाली करून, गाठ मारलेल्या पिशवीसकट नदीत भिरकावलेल्या निर्माल्याचा होतो.

नुसत्या फुलांचा ढीग केला तर मात्र खत होत नाही, चिखल होतो. फुलांत बहुतांश पाणीच असते. ती दबून बसतात, आत हवा खेळत नाही आणि सडका वास सुटतो. म्हणून फुले प्रथम सावलीत पसरून सुकवावी लागतात आणि त्यांत वाळलेला पालापाचोळा मिसळावा लागतो. शास्त्राच्या भाषेत, कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे ३० ला १ असले म्हणजे जिवाणूंचे काम उत्तम चालते. ओल्या फुलांत नत्र तुलनेने अधिक, वाळक्या पानांत कर्ब अधिक. मंदिराच्या आवारातील पिंपळाची पाने झाडून जाळून टाकणे हा म्हणूनच दुहेरी तोटा आहे.

या विषयात महाराष्ट्राचे ऋण मोठे आहे. इंदूर येथील संशोधन संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. १९३१ साली त्यावर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी आपली पद्धत बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत जाळीसारखी छिद्रे ठेवावयाची. आत सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर चाळलेली माती, असे थर रचत टाके काठाच्या वर दीड फूट भरून शेणमातीने लिंपावयाचे. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपावयाचे. ओलावा राखला तर ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. शेण थोडेच लागते, हा या पद्धतीचा खरा गुण.

टाके एक-दोन दिवसांतच भरून पूर्ण करावे लागते. निर्माल्य तर रोज थोडे थोडे निघते. यास्तव ते सुकवून साठविणे, किंवा लहान प्रमाणावर गांडूळखत करणे, हे दोन मार्ग उरतात. गांडुळांसाठी निर्माल्य आधी पंधरा-वीस दिवस कुजवून थंड होऊ द्यावे. ताज्या ढिगात इतकी उष्णता निर्माण होते की गांडुळे मरतात. पुढे सावली, ओलावा आणि मुंग्यांपासून राखण मिळाली की दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळसर खत हाती येते.

खरी अडचण खड्ड्याची नाही, हाराची आहे. नायलॉनचा दोरा, चमकी, जरीची पट्टी, थर्माकोलचे मणी, तारेने बांधलेली फुले आणि वर प्लास्टिकचे वेष्टन! हे कोणताही जिवाणू पचवीत नाही. प्रत्येक हार हाताने उसवून ते वेगळे करावे लागते. नारळाची करवंटी व शेंडी महिनोन्‌महिने तशीच राहते, म्हणून तीही निराळी काढतात. तूप, तेल, पंचामृत व नैवेद्याचे अन्न यांनी उंदीर व माश्या येतात. भाविकांनी केळीच्या सोपाचा किंवा सुती दोऱ्याचा हार आणला तर निवडणाऱ्याचे निम्मे काम वाचते. तसा हार मागितला की फुलवालाही तो ठेवू लागतो.

देणगीदारांसाठी एक गोष्ट मोकळेपणाने सांगावयास हवी. टाके बांधण्यास दाता सहज मिळतो, कारण टाक्याच्या भिंतीवर नामफलक लावता येतो. रोज सकाळी बसून दोरे उसविणाऱ्या बायांच्या मजुरीला फलक नसतो, आणि टाके रिकामे राहते ते नेमके त्या मजुरीवाचून.

घरी हाच प्रयोग तळाला भोके असलेल्या मातीच्या मोठ्या कुंडीत करता येतो. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, वर एक भाग निर्माल्यास दोन भाग वाळकी पाने आणि मूठभर जुने खत किंवा शेण. आठवड्यातून एकदा काडीने हलवावे. मूठ दाबली असता ओल लागावी, पण पाणी गळू नये. आंबूस वास आला तर पाने वाढवावीत. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. ते चाळून, दोन भाग मातीस एक भाग या प्रमाणात मिसळावे. चाळणीवर राहिलेले पुन्हा कुंडीत टाकावे.